बोरुडे सर आणि भाऊसाहेबांची छोटी

सर्वात आधी माफी मागतो. कुणावर काही लिहावं, एवढा मी मोठा नाही. माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही. आईवडील पाथर्डीकडचे, दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मी आजवर जे लिहिलं ते परीक्षेत, आणि तेही ‘सविस्तर उत्तर लिहा’ असं वर छापलेलं असलं तरच. बोरुडे सरांना विचारून लिहायला हवं होतं, तेही केलेलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, “अरे, आधी तुझं बघ.” म्हणून विचारलं नाही. काही चुकलं तर ते माझं समजावं.

सर आम्हाला भूगोल शिकवायचे. आमचं कॉलेज नगरहून मनमाड रस्त्याने राहुरीच्या पुढे. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. सर तासिका तत्त्वावर होते. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : जितके तास शिकवाल तितक्यांचाच पगार, आणि परीक्षा झाली की नोकरी संपली. पावसाळ्यात पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा नेमणूक घ्यायची. सरांची पीएच.डी. झालेली होती, नेट झालेलं होतं. त्यांच्यानंतर शिकून बाहेर पडलेली मुलं कुठेकुठे कायम झाली होती. सर मात्र दर उन्हाळ्यात गळ्यातलं ओळखपत्र ऑफिसात जमा करायचे आणि राहात्याच्या बाजारात एका पेरूच्या व्यापाऱ्याची पिकअप चालवायला जायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, “एवढं एक वर्ष.” आम्ही पहिल्या वर्षाला होतो तेव्हाही हेच म्हणायचे, आणि आमच्या पुढची पोरं सांगायची की त्यांच्या वेळेलाही हेच म्हणायचे.

वर्गात आले की हजेरी नाही, काही नाही, पहिला प्रश्न : “उत्तर कुठंय?” जो हात दाखवेल त्याच्या हाताच्या दिशेने सर स्वतः उभे राहायचे आणि मग शिकवायला सुरुवात करायचे. पोरं मुद्दाम दक्षिणेला हात करायची. सर तिकडे तोंड करून, म्हणजे आमच्याकडे पाठ करून, पाचएक मिनिटं शिकवायचे. मग म्हणायचे, “चला, आता ज्यानं मला फिरवलं त्यानं उठून मला सरळ करावं.” त्या पोराला फळ्यावर नकाशा काढावा लागायचा. नकाशे सगळे सरांचे स्वतःचे. कापडाला चिकटवलेले, गुंडाळून काखेत घेऊन यायचे. कॉलेजचा एकच नकाशा होता आणि त्यात अजून तेलंगणा झालेला नव्हता.

सर भिंगारचे. त्यांचे वडील मिलिटरीत सिव्हिलियन ड्रायव्हर होते, आता नाहीत. वडिलांनी सरांना सांगितलं होतं, “शिक काय शिकायचं ते, पण खिशात लायसन असू दे.” त्यामुळे सरांकडे पीएच.डी. होण्याच्या आधीपासून हेवी गाडीचं लायसन होतं. याचा आम्हाला पत्ता नव्हता. तो लागला राळेगणसिद्धीच्या सहलीत. तिथले बंधारे आणि नालाबांध बघून झाले आणि परत निघायच्या वेळी मिनीबसचा ड्रायव्हर तापाने फणफणला. सरांनी त्याला मागच्या सीटवर झोपवलं, स्वतः पुढे बसले आणि आम्हाला कॉलेजच्या दारात आणून सोडलं. बस चालवताना ते स्वतःहून एक शब्द बोलले नाहीत. आमच्यातला सचिन त्यांना मध्येच म्हणाला, “सर, लई भारी चालवता राव!” तर म्हणाले, “गप. गाडी चालवणाऱ्याला बोलायला लावू नये, माझे वडील मारायचे.”

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट भाऊसाहेबांच्या कानावर गेली. भाऊसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे सेक्रेटरी. कॉलेजात कोण राहणार, कोण जाणार, हे त्यांच्या बैठकीत ठरतं. त्यांनी सरांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, “सर, हात चांगलाय म्हणे तुमचा?” सर हसले. मला वाटतं तिथूनच सगळं सुरू झालं.

त्या वर्षी भाऊसाहेबांच्या मुलाला, विराजदादांना, गाडी घ्यायची होती. भाऊसाहेबांकडे मोठी गाडी होतीच. दादांना हवी होती ती परदेशी कंपनीची, एसयूव्हीसारखी उंच पण आकाराने आटोपशीर, आतून मात्र पंचतारांकित हॉटेलसारखी. तिचं नाव लिहीत नाही, जाहिरात होईल. संस्थेत सगळे तिला छोटीच म्हणायचे. “छोटी कधी येणार?” “छोटी कोणत्या रंगाची?” तिचे प्रकारही खूप होते. साधं मॉडेल, मधलं, टॉपचं, त्याच्यावर पुन्हा स्पोर्टचं. पेट्रोलचं वेगळं, डिझेलचं वेगळं. एकात पुढची दोन चाकं ओढतात, एकात चारही. जुन्या चेहऱ्याची संपत आलेली, नव्या चेहऱ्याची येऊ घातलेली. भाऊसाहेब सरांना म्हणाले, “तुम्ही संशोधनवाले माणूस. जरा अभ्यास करा आणि सांगा आम्हाला, कोणती घ्यावी.”

आमच्या विभागात एक कायमची जागा मंजूर होऊन येणार, अशी तेव्हा कुजबुज होती. सरांनी अभ्यास केला. असा केला की आम्हाला वाटलं यांची दुसरी पीएच.डी. चालू आहे. पुण्याला जाऊन दोन शोरूममध्ये बसून आले. ड्रॉइंगशीटवर पट्टीने रकाने आखले. आडव्या बाजूला मॉडेलं, उभ्या बाजूला उंची, इंजिन, चाकांचा आकार, जमिनीपासूनचं अंतर. खाली आपल्या रस्त्यांचा एक छोटा नकाशासुद्धा काढला होता आणि खड्ड्यांचे पट्टे लाल रंगाने दाखवले होते. शीट धरायला मी आणि सचिन बरोबर गेलो.

भाऊसाहेबांच्या ओसरीत पाहुणेरावळे बसलेले. सरांनी पट्टी हातात घेऊन सुरुवात केली, “तर प्रामुख्याने चार घटक विचारात घ्यावे लागतात.” एक पाहुणा म्हणाला, “आयला, गाडी घ्यायचीय का परीक्षा द्यायचीय?” सगळे हसले. सरही हसले आणि पुढे बोलत राहिले. त्यांचं म्हणणं होतं की मधलं मॉडेल घ्यावं. टॉपच्या मॉडेलला चाक मोठं, पण टायरची कड पातळ. मनमाड रस्त्याला ती टिकणार नाही.

दादा मोबाईल बघत होते. वर न बघता म्हणाले, “मधलं तर शेवगावच्या त्या बिल्डरकडं पण हाय.”

भाऊसाहेबांनी सरांकडे बघितलं. सरांनी पट्टी खाली घेतली, शीटकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “तसं बघितलं तर… रिसेल व्हॅल्यू हाही एक घटक आहेच. त्या दृष्टीने टॉपचंच बरं.”

“बघा, सर पण तेच म्हणतेत!” भाऊसाहेब म्हणाले. चहा आला. परत येताना शीट सचिनच्या सायकलला बांधलं होतं. सचिन म्हणाला, “सर, तुमी तर मधलं म्हणत हुता.” सरांनी शीटची गाठ आवळली. मग म्हणाले, “सच्या, निष्कर्ष नंतरही बदलता येतो. जागा एकदा गेली की येत नाही.”

छोटी आली ती टॉपची, स्पोर्टची, काळी. पुण्याहून सरच चालवत घेऊन आले, कारण भाऊसाहेबांच्या ड्रायव्हरला क्लचशिवायची गाडी म्हणजे ब्रेकशिवायची वाटायची. पूजा कॉलेजच्या मैदानात ठेवली होती. हार, नारळ, चारी चाकांखाली लिंबं. भाऊसाहेबांच्या आईने, आईसाहेबांनी, ओवाळलं आणि सगळं खानदान गाडीच्या पुढे उभं राहिलं. सर आत. सगळ्यांनी “हां, घ्या पुढं, घ्या!” केलं आणि गाडी आतून टुंग टुंग वाजत जागच्या जागी गप्प उभी. आईसाहेब म्हणाल्या, “नाट लागला गं बाई! नवी गाडी हालंना!” कुणीतरी मिरच्या आणायला पळालं.

सरांनी काच खाली केली आणि नम्रपणे म्हणाले, “आईसाहेब, तिला समोर माणसं दिसतायत. माणूस दिसला की ती पुढं जात नाही.”

“मग दिसू दे की! आमच्या घरात ऱ्हायचं तर माणूस दिसला म्हनून थांबून कसं भागंल?”

भाऊसाहेबसुद्धा हसले. माणसं बाजूला झाली, लिंबं चिरडली, फटाके वाजले. त्या दिवशी सरांना पहिल्या पंगतीला बसवलं होतं. आम्हाला सगळ्यांनाच वाटलं, आता झालंच काम.

पुढे छोटीचं प्रत्येक काम सरांकडे आलं. दादांना विमानतळावर सोडायचं, आईसाहेबांना शिर्डीला न्यायचं, सर्व्हिसिंगला पुणं. आमचे तास बुडू नयेत म्हणून सर सकाळी लवकर घ्यायचे, नाहीतर मधल्या सुट्टीत. एकदा कोल्हारच्या अलीकडे खड्ड्यात टायरची कड चिरली. गाडी तेव्हा दादा चालवत होते, सर घरी होते. तरी भाऊसाहेब सर्वांसमोर म्हणाले, “सर, अभ्यास कच्चा राहिला तुमचा.” सर म्हणाले, “हो साहेब.” मला फार वाईट वाटलं. ते शीट मी स्वतःच्या हाताने धरलं होतं.

एकदा आम्ही दोघं सरांच्या भिंगारच्या घरी पुस्तकं न्यायला गेलो होतो. सर आत पुस्तकं काढत होते. त्यांच्या आईने आम्हाला पोहे दिले आणि हळूच विचारलं, “पोरांनो, खरं सांगा, तुमचे सर पर्मनंट झाले का? मला सांगत न्हाई त्यो. मागल्या साली एक पोरगी बघून आलो. तिच्या बापानं एवढंच इचारलं, आन् हा उठूनच आला.”

सचिन म्हणाला, “होतेत आजी. ह्या वर्षी नक्की.”

“तुमाला कोन म्हनलं?”

“सगळेच म्हनतेत.”

आतून सरांचा आवाज आला, “आई, त्यांना खाऊ दे गं.”

आणि खरंच त्याच वर्षी जागा आली. भूगोल, एक पद, पूर्णवेळ. जाहिरात निघाली, मुलाखतीची तारीख आली. सरांनी नवा पांढरा शर्ट शिवला. आदल्या संध्याकाळी भाऊसाहेबांचा फोन आला. पुण्याहून विषयतज्ज्ञ येणार होते, रात्री नगरच्या लॉजवर उतरणार. त्यांना सकाळी छोटीतून घेऊन यायचं होतं. साहेबांचा ड्रायव्हर मोठी गाडी घेऊन प्राचार्यांच्या पाहुण्यांकडे गेलेला.

आता मला वाटतं की सरांनी नाही म्हणायला हवं होतं. पण मुलाखतीच्या सकाळी फोनवर सर आनंदात होते. मला म्हणाले, “बरंच झालं. तासभराचा रस्ता आहे. ओळख होईल. माझा प्रबंध दुष्काळी पट्ट्यावरच आहे. विळदच्या घाटातून दिसतं ते सगळं, चार शब्द सांगता येतील.” सरांनी खरोखर तसा विचार केला होता. प्रबंधाची एक प्रत त्यांनी पुढच्या सीटवर ठेवली होती, तज्ज्ञांच्या सहज नजरेला पडेल अशी.

पुढचं सरांनी नंतर आम्हाला सांगितलं, एकदाच. तज्ज्ञ मागे बसले. सरांनी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली आणि फोन कानाला लावला. विळदचा घाट लागला तेव्हा ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, “नाही नाही, तसं काही अवघड नाही. भाऊसाहेबांच्या व्याह्यांची सून आहे. मुलगी हुशार आहे, कागदपत्रं चोख आहेत. एक तिथलाच जुना तासिकावाला आहे म्हणतात, पण त्याला काय, सांभाळून घेतील कुठंतरी. आपण फक्त सह्या करायच्या.”

मी विचारलं, “सर, तुम्ही काय केलं?”

“काय करणार? घाट होता. समोरून उसाचे ट्रॅक्टर येत होते.”

सर कॉलेजात पोचले, तज्ज्ञांसाठी दार उघडलं, गाडी सावलीला लावली. डिकीतून फाईल काढली, तोंड धुतलं, आणि सभागृहाबाहेर बाकीच्या उमेदवारांच्या रांगेत येऊन बसले. आम्ही दहाबारा पोरं कडुनिंबाखाली उभे होतो. आम्ही लांबूनच अंगठे वर केले. सरांनी हात केला. त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हाला काहीच कळलं नाही. ती व्याह्यांची सूनही रांगेत होती, घाबरलेली. सरांनी तिला बसायला स्वतःच्या शेजारची पंख्याखालची खुर्ची दिली, हे मी पाहिलं.

सरांना आत बोलावलं. दार उघडंच होतं, म्हणून आम्हाला ऐकू आलं. तज्ज्ञांनी मान वर केली आणि म्हणाले, “अरे, इतक्यात नको. वेळ आहे अजून. गाडी सावलीतच राहू दे.”

सर म्हणाले, “सर, मी उमेदवार आहे. डॉक्टर ज्ञानदेव बोरुडे.”

भाऊसाहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. मग तज्ज्ञांनी विचारलं, “प्रबंधाचा विषय?” सरांनी विषय सांगितला. पर्जन्यछायेबद्दल दोन वाक्यं बोलले, तिसरं सुरू केलं. तज्ज्ञ म्हणाले, “छान. धन्यवाद.” एवढीच मुलाखत.

मला वाटलं होतं सर त्याच पावली घरी जातील. पण तज्ज्ञांना नगरला परत सोडायचं होतं आणि चावी सरांच्या खिशात होती. सचिन रडवेला होऊन म्हणाला, “फेका चावी त्यांच्या तोंडावर, सर!” सर त्याच्यावर चिडले. मी त्यांना चिडलेलं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. “निकाल लागलाय का अजून? लागलाय का? मग?” आणि गाडीकडे गेले.

परतीला तज्ज्ञ पुढच्या सीटवर बसले. प्रबंध त्यांनी उचलून मांडीवर घेतला, उघडला मात्र नाही. नगरला उतरताना म्हणाले, “सकाळीच सांगायला हवं होतं तुम्ही.”

सर म्हणाले, “सर, तुम्ही फोनवर होता.”

निकाल लागायचा तसाच लागला. सरांना सांभाळून घेणार होते म्हणे. भाऊसाहेबांनी निरोप पाठवला, तास चालू ठेवा, पुढं बघू, शिवाय गाडीचं आहेच. सरांनी चावी शिपायाच्या हाती दिली. महिनाअखेरपर्यंतचे तास मात्र सगळे घेतले. शेवटच्या तासाला पोरांनी उत्तर बरोबर दाखवली. सर तिकडे तोंड करून उभे राहिले आणि काय शिकवायचं ते थोडा वेळ विसरले.

त्या दिवशी मी त्यांना शेवटचं पाहिलं. गेटच्या बाहेर, एसटीची वाट बघत, काखेत नकाशांची गुंडाळी. आम्ही बरोबर थांबतो म्हणालो तर नको म्हणाले. म्हणून मी या बाजूला टपरीपाशी उभा राहिलो. तेवढ्यात छोटी आतून आली. दादांनी गाडी थांबवली, काच खाली केली. “सर, सोडू का भिंगारला?” दादा वाईट माणूस नाहीत, त्यांनी मनापासून विचारलं.

“नको दादा. गाडी येतेच आहे.”

छोटी गेली. एसटी आली ती भरलेली, थांबली नाही. पुढचीही थांबली नाही. सर रस्त्यावर थोडे पुढे यायचे, हात करायचे, परत मागे सरकायचे. नकाशे एका काखेतून दुसऱ्या काखेत घ्यायचे. मग एक पिकअप थांबली आणि ते मागे, क्रेटच्या शेजारी चढून बसले. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून की काय, त्यांनी चेहऱ्यापुढे हात धरला होता.

त्यानंतर मी नगरला एम.ए.ला आलो. विषय भूगोलच घेतला. सरांचा फोन लागायचा नाही. दोनदा भिंगारला गेलो, घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, आईला घेऊन बहिणीकडे गेलेत. कुणी म्हणायचं जळगावकडे एका कॉलेजात मुलाखत झाली, कुणी म्हणायचं कंपनीत लागले. मला वाटायचं, कुठंही असोत, इथून सुटले. माझ्या मनात मी त्यांना कुठंतरी कायम करून टाकलं होतं.

परवा सचिनचा फोन आला. तो कॉलेजजवळच झेरॉक्सचं दुकान चालवतो.

“बोरुडे सर परत आले रं.”

मी उभाच राहिलो. “कॉलेजात? पर्मनंट?”

“न्हाई. तासावर. त्या नव्या मॅडम रजेवर गेल्यात, बाळंतपनाला. त्यांचे तास सरांना दिलेत.”

मी मग विचारलं, “आणि गाडी?”

“छोटी दिली इकून. आता तिचंच इजंवर चालनारं मॉडेल आलंय. काल सरच आईसाहेबांना घेऊन शिर्डीला गेल्ते.”

“तू विचारलं नाहीस? का आले परत म्हणून?”

“इचारलं की. दुकानात आल्ते झेरॉक्सला, पोरांसाठी नकाशे काढायला. म्हनलं सर, कशाला आला हितं परत? तर म्हनले, सच्या, दुसरीकडं कुठं शिकवायला मिळालं न्हाई रे.”